नट उघडायला किती जोर लागतो?

काळ्या रानाला वाफसा आला की तो मोजकेच दिवस टिकतो. हस्ताचा पाऊस पडून गेला, ढेकूळ मुठीत फुटायला लागलं, की ज्वारी पेरायची ती तेव्हाच. आणखी चार उन्हं गेली की पाभर रुतत नाही. ट्रॅक्टर नेमका याच दिवसांत बंद पडतो, कारण त्याला सगळ्यात जास्त काम याच दिवसांत असतं. मेस्त्रीला फोन करावा तर त्याच्या दारात आधीच पाच-सहा ट्रॅक्टर उभे. म्हणून सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या भागात जुना ट्रॅक्टर बाळगणारा प्रत्येक शेतकरी निम्मा मेस्त्री असतोच. चाक काढणं, रोटरची पाती बदलणं, ट्रॉलीच्या हबात ग्रीस भरणं, तीन पॉइंटच्या पिना बदलणं, एवढं घरीच होतं. क्लचप्लेटसाठी ट्रॅक्टरचे दोन भाग करायचे असले तरच बाहेरचा माणूस येतो.

या सगळ्या कामांत सुटा भाग बदलायला फार वेळ लागत नाही. वेळ जातो तो नट उघडण्यात. चिखल, पाणी आणि खत यांनी धरलेले नट. ट्रॉलीतून युरिया आणि पोटॅश वाहिलं जातं, फाटक्या गोणीतून ते खाली सांडतं, चाकाच्या नटांवर बसतं आणि दवात विरघळतं. म्युरेट ऑफ पोटॅश हे क्लोराइड आहे, लोखंडाला ते मिठासारखंच खातं. पावसाळा संपेपर्यंत नट आणि बोल्ट यांच्या आट्यांमध्ये गंज भरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे नट आतूनच आवळला जातो. कुणी जास्त ताणलेला नसतानाही तो हलत नाही, त्याचं कारण हे.

आमच्याकडं हे काम वर्षानुवर्षं तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी केलं. त्यांच्याकडं चाकी पाना होता आणि जुन्या बोअरचा एक जाड पाइप. पाना नटावर बसवायचा, त्यावर पाइप चढवायचा, टायरला धरून पाइपावर उभं राहायचं आणि अंग झोकून द्यायचं. साठी ओलांडल्यावरही ते हे करत होते. एकदा नट अचानक सुटला आणि ते पाइपासकट खाली आले. उजव्या खांद्यानं धरलं, ते नंतर कधी पुरतं सुटलं नाही. तेव्हा मी ठरवलं की इम्पॅक्ट गन घ्यायची. पंक्चरच्या दुकानात, हायवेच्या गॅरेजात ती रोज दिसते, तिचा कर्कश आवाज सगळ्यांच्या ओळखीचा आहे. घरच्या ट्रॅक्टरसाठी मात्र ती कोणती घ्यावी, हे सांगणारा माणूस मला भेटला नाही.

दुकानात पहिला प्रश्न आला, "कितीची पाहिजे?" खोक्यांवर आकडे होते ३५०, ६००, १०००, एकावर १६००. सगळे न्यूटन-मीटरमध्ये. शेठ मोठ्या आकड्याकडं बोट दाखवत होते, आणि त्यांचंही बरोबर होतं, कारण आमच्या नटांना किती लागतं हे ना त्यांना माहीत होतं ना मला. मी काही न घेता परत आलो. मोजल्याशिवाय घ्यायचं नाही असं ठरवलं.

मोजायला लागतं ते सामान प्रत्येक कांदा पिकवणाऱ्याच्या घरात असतं. गोणी तोलायचा लटकता काटा, आकडा दाखवणारा, १०० किलोपर्यंतचा. चाकी पाना नटावर बसवला, पाइप आडवा राहील असा. पान्याच्या मध्यापासून बरोबर एक मीटरवर पाइपाला खूण केली आणि तिथं काट्याचा हूक अडकवला. मग काटा सरळ खाली ओढायचा, झटका न देता, हळूहळू वजन टाकत, आणि नट सुटला त्या क्षणीचा आकडा दुसऱ्यानं वाचायचा. एक मीटरवर एक किलोचा ओढा म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर. तोंडी हिशेबाला दहा धरले तरी चालतात. पाइप आडवा आणि ओढा सरळ खाली, म्हणजे दोघांत काटकोन हवा. तिरपं ओढलं तर आकडा फसवतो. पाइपाच्या स्वतःच्या वजनाची थोडी भर पडते, ती मी सोडून दिली.

पुतण्या आकडे वाचत होता आणि मी ओढत होतो. तात्या बाजूला खाटेवर बसून बघत होते. मागच्या चाकाच्या डिस्कचे नट ३८ ते ५२ किलोंच्या मध्ये सुटले, म्हणजे ३७० ते ५१० न्यूटन-मीटर. पुढच्या चाकाचे त्याच्या निम्म्यात. रोटरच्या पात्यांचे नट वीसेक किलोंत. ट्रॉलीच्या एका चाकाला, ज्या बाजूला गोण्या उतरवतात त्या बाजूला, एक नट असा निघाला की काटा ६५ दाखवत होता तरी तो जागचा हलला नाही. तिथं मी थांबलो.

तात्या म्हणाले, "म्हंजे मी एवढी वर्षं पाइपावर उभा राहायचो, ते किती व्हायचं?"

त्यांचं वजन साठच्या आसपास, पाइपाची लांबी मीटरभर. सहाशे न्यूटन-मीटर. दुकानातल्या मधल्या खोक्यावर छापलेला आकडा आमच्या घरातला एक माणूस नुसत्या अंगावर काढत आला होता. हे कळल्यावर मला त्या पाइपाबद्दल आदर वाटला आणि तात्यांच्या खांद्याबद्दल वाईट.

या मोजणीनं निवड पुष्कळ सोपी झाली. आमचे जवळजवळ सगळे नट ५०० च्या आत-बाहेर सुटतात. खोक्यावरचा आकडा प्रयोगशाळेतल्या घट्ट जोडावर, आखूड गोटीनं (सॉकेटनं), काही सेकंद गन चालवून घेतलेला असतो. रानात गोटी ढिली असते, एक्स्टेन्शन लावावं लागतं, बॅटरी अर्धी उतरलेली असते. एक्स्टेन्शन लांब झालं की ते स्वतःच किंचित पिळवटतं, प्रत्येक ठोक्यातला थोडा जोर त्यातच जिरतो, आणि सांध्याची गोटी लावली तर आणखी जिरतो. म्हणून मोजलेल्या आकड्याच्या दीडपट-दुप्पट क्षमता असावी. दुकानदार दोन आकडे सांगतात, हेही तेव्हा समजून घेतलं. एक आवळण्याचा, दुसरा उघडण्याचा. उघडण्याचा सहसा मोठा असतो आणि जाहिरातीत तोच ठळक छापतात. दोन कंपन्यांची तुलना करताना एकीचा आवळण्याचा आणि दुसरीचा उघडण्याचा आकडा शेजारी ठेवला तर काहीच अर्थ लागत नाही.

गन माणसाचा हात का पिळत नाही, हे माझ्या पुतण्यानं विचारलं आणि मला सांगता आलं याचा आनंद आहे. ड्रिल मशीनचं पातं अडकलं तर मशीनच मनगट फिरवतं, कारण त्याचा जोर सलग असतो. गनच्या आत एक जड हातोडा मोटरवर फिरतो, स्प्रिंग दाबली जाते, तो सुटतो आणि पुढच्या ऐरणीवर आदळतो, मिनिटाला दोन-तीन हजार वेळा. ठोका इतका क्षणभराचा असतो की तो नटात जातो, मनगटापर्यंत फार थोडा येतो. गुरांची खुंटी नुसती दाबून रानात जात नाही, ठोकली की जाते; तसंच हे. आणि गंज ठिसूळ असतो, त्याला सलग ओढ्यापेक्षा ठोक्याचं जास्त लागतं. म्हणून ५०० ला पाइपानं न सुटणारा नट कधी कधी त्याहून लहान गननं सुटतो. म्हणजे तो सुटेलच असं नाही, पण लहान गनला आधीच नाकारायचं कारण नाही.

मग प्रश्न आला कशावर चालणारी घ्यायची. हवेची गन सगळ्यांत टिकाऊ, स्वस्त, आणि तिच्यात बिघडायला फारसं काही नाही. पण तिच्यामागं कॉम्प्रेसर लागतो. हाफ इंची गनला (गोटी बसते त्या चौकाचं हे माप) ६ बारच्या वर दाब हवा, आणि दाबापेक्षाही हवेचं प्रमाण महत्त्वाचं; एक हॉर्सपॉवरचा छोटा कॉम्प्रेसर दोन नटांनंतर दम खातो. टाकी मोठी पाहिजे, नळी रुंद पाहिजे, कारण बारीक लांब नळीत दाब वाटेतच पडतो. पावसाळ्यात टाकीत पाणी साठतं ते रोज सोडायचं, गनमध्ये तेलाचे थेंब टाकायचे. यातलं काहीच अवघड नाही. अडचण विजेची आहे. शेतीच्या फीडरला थ्री फेज पाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. उरलेल्या वेळात सिंगल फेज, आणि संध्याकाळी वस्तीवर तिचा दाब १८० व्होल्टपर्यंत उतरलेला मी मीटर लावून पाहिला आहे. कॉम्प्रेसरच्या इंडक्शन मोटरचा सुरू होतानाचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. २३० ऐवजी १८० आलं तर तो साठ टक्क्यांच्या आसपास उरतो. टाकीत थोडी हवा असताना मोटर घुरघुरते, उचलत नाही, तापते. कॉम्प्रेसर घरी असावा, टायरसाठी तो लागतोच, पण गनसाठी त्याच्यावर विसंबता येणार नव्हतं.

वायरची गन जोरदार असते आणि तिला चार्जिंगची काळजी नाही. पण तिची मोठी मॉडेल एक इंची चौकाची असतात, आठ-नऊ किलो वजनाची. ट्रकच्या चाकाला ती शोभते. ट्रॅक्टरखाली पाठीवर झोपून दोन्ही हातांनी आठ किलो छातीच्या वर धरणं, हे आमच्या घरात कुणाला जमणारं नव्हतं. शिवाय ट्रॅक्टर बंद पडतो तो रानात, आणि रानात प्लग नसतो.

म्हणून बॅटरीची. इथं एक गोष्ट शेतकऱ्यांनी आवर्जून लक्षात घ्यावी, कारण यात पैसा जातो. बॅटरीवर कुठं १८ व्होल्ट लिहिलेलं असतं, कुठं २० आणि कुठं २१. हे तिन्ही एकच आहे. आत पाच सेल एका रांगेत असतात. प्रत्येक सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२. पाच गुणिले ३.६ म्हणजे १८, पाच गुणिले ४.२ म्हणजे २१. बाजारात याहूनही मोठे आकडे छापलेल्या बॅटऱ्या मिळतात, आणि त्यातल्या बऱ्याच उघडून पाहिल्या तर आत तेच पाच सेल रांगेत असतात. आकड्याकडं बघून जास्त पैसे देऊ नयेत. बघायचं ते अँपिअर-अवर, वजन, मोटर ब्रशलेस आहे का, आणि तुमच्या जिल्ह्यात तिची दुरुस्ती कोण करतं. शेवटचा प्रश्न मी सगळ्यांत जास्त वेळ विचारत फिरलो. जिथं "पुण्याला पाठवावी लागेल, महिना लागेल" असं उत्तर आलं तिथून उठलो.

शेवटी घेतली ती हाफ इंची, ब्रशलेस, १८ व्होल्टची, ५ अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या. उघडण्याचा आकडा हजाराच्या आसपास, वजन बॅटरीसकट तीन किलोंच्या आत. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या शेडमध्ये बॅटरी ठेवत नाही, चार्जिंगही घरात, सावलीत आणि गार झाल्यावरच. लिथियमला उष्णता मानवत नाही आणि आमच्याकडं पारा ४२-४३ वर जातो.

गनपेक्षा जास्त विचार गोट्यांवर करावा लागला. हाताच्या रॅचेटच्या चकचकीत गोट्या क्रोम-व्हॅनेडियमच्या, कडक आणि पातळ भिंतीच्या असतात. ठोक्यानं त्या फुटतात आणि तुकडा उडतो तो डोळ्याच्या उंचीवर. गनला काळ्या, क्रोम-मॉलिब्डेनमच्या, जाड भिंतीच्या गोट्याच लागतात, आणि त्या सहा कोनी. बारा कोनी गोटी गंजलेल्या नटाचे कोपरे गोल करून टाकते. आमचा जुना ट्रॅक्टर इंग्लिश घराण्याच्या मॉडेलचा असल्यामुळं त्याचे निम्मे बोल्ट इंची आणि नंतर बसवलेले निम्मे मिलिमीटरचे. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, तिथं १९ ची गोटी बिनदिक्कत बसते. पंधरा-सोळांश म्हणजे २३.८, तिथं २४ ची जवळजवळ चालते. पण अकरा-सोळांश म्हणजे १७.४६, त्यावर १७ बसत नाही आणि १८ घसरते. तिथं इंचीच गोटी हवी. सोलापुरात काळ्या इंची गोट्या मिळेनात, पुण्याच्या नाना पेठेत मिळाल्या. रिमच्या खोल भोकांत जाड गोटी जात नाही, म्हणून एक लांब, बारीक भिंतीची गोटीही घ्यावी लागली.

गन आल्यावर खरा फरक चाकात दिसला नाही, रोटरमध्ये दिसला. सहा फुटी रोटरला ४२ पाती, प्रत्येकाला दोन बोल्ट, म्हणजे ८४ नट. चाकाचे नट वर्षातून एखाद्या वेळी उघडतात. पाती आमच्या मुरमाड तुकड्यात हंगामाला झिजतात. आधी हे काम म्हणजे दोन माणसं आणि अख्खा दिवस, संध्याकाळी तळहाताची कातडी सोललेली. आता पुतण्या आणि त्याची आई मिळून दुपारच्या आत उरकतात. वहिनी नट ब्रशनं साफ करून डिझेल लावत पुढं जातात, तो मागून उघडत जातो; नंतर अदलाबदल करतात. वहिनींनी गन पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा म्हणाल्या, "एवढंच होतं तर आम्हाला आधी का नाही सांगितलं?" ताकदीअभावी ज्यांना या कामाच्या जवळ येऊ दिलं नव्हतं, ती माणसं आता येतात, हे मला या यंत्राचं सगळ्यात मोठं काम वाटतं. कानात बोंडं आणि डोळ्यांवर चष्मा मात्र प्रत्येकाला. आवाज १०० डेसिबलच्या घरात जातो आणि गंजाचे कण थेट तोंडावर येतात.

ट्रॉलीचा तो ६५ किलोंना न हललेला नट गननंही सुटला नाही. रात्रभर तेल मुरवलं, सकाळी पुन्हा गन लावली, नाही. मग टायर रिमवरून सोडवून वेल्डिंगवाल्याकडून नट लाल होईपर्यंत तापवला. नट तापून फुगतो, बोल्ट आत गार असतो, दोघांमधला गंज तडकतो. त्यानंतर साध्या पान्यानं निघाला. हब, सील आणि बेअरिंग यांच्याजवळ आच नेता येत नाही, टायर रिमवर असताना तर मुळीच नाही. रिममध्ये अडकलेली हवा तापून टायर फुटतो आणि त्यात माणसं गेली आहेत. टायर आधी उतरवता येत नसेल तर नट कापून नवा बोल्ट घालावा, तो स्वस्त पडतो.

चाक उतरवतानाही जिवाचा धोका असतो. पाण्यानं भरलेलं मागचं मोठं टायर, रिम आणि आतलं पावणेदोनशे-दोनशे लिटर पाणी धरून तीनशे किलोंच्या आसपास जातं. गनमुळं नट पटापट निघतात, म्हणून घाई वाढते, आणि घाई वाढली की शेवटचा नट निघण्याआधी चाकाला आधार द्यायचा राहून जातो. आम्ही नट जमिनीवरच सैल करतो, मग लाकडी ठोकळ्यांवर धुरा टेकवतो, नुसत्या जॅकवर कधीच नाही, आणि एक नट शेवटपर्यंत अर्धा ठेवतो.

आवळताना गन बाजूला ठेवतो. यावर माझं शेजाऱ्यांशी वाजतं. गननं आवळलं की नट घट्ट झाल्याचा आवाज येतो आणि माणसाचं समाधान होतं. पण एकाला ३०० चा जोर बसलेला असतो, शेजारच्याला ५५० चा, बोल्ट ताणून लांब झालेला असतो आणि पुढच्या खेपेला तो तुटतो. डिस्क एका बाजूला बसते, भोकं लांबट होतात. प्रत्येक नट आधी हातानं चार आटे बसवायचा, मग समोरासमोरचे आलटून पालटून आवळायचे, आणि शेवटचा आकडा टॉर्क पान्यानं. तो आकडा ट्रॅक्टरबरोबर आलेल्या पुस्तकात असतो, आणि पुस्तक हरवलं असेल तर विक्रेत्याकडून मागून घ्यावा. तासभर काम केल्यावर नट पुन्हा तपासायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा. इंजिनचं हेड, कनेक्टिंग रॉड, फ्लायव्हील यांच्या जवळ गन आम्ही नेतच नाही.

टॉर्क पाना गावात फारसा कुणाकडं नाही. गन मात्र आता पाच-सहा घरांत आली आहे, आणि ज्यांच्याकडं नाही ते आमची मागून नेतात. नेणाऱ्याला मी दोन्ही एकाच पिशवीत देतो, काळ्या गोट्यांसकट, आणि त्याच्या चाकाचा आकडा पिशवीवर खडूनं लिहून देतो. काही जण पाना न वापरता तसाच परत आणतात, ते ओळखू येतं, कारण पान्यावरचा आकडा मी ठेवला होता तिथंच असतो. त्यांच्याबरोबर पुढच्या खेपेला मी स्वतः जातो.